सपाट आवाज

"रांगेत. भिंतीच्या कडेने," एवढंच हवालदार म्हणाला, आणि त्याच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने हातातली पिशवी खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं, पाय फाकवले आणि दोन्ही तळवे डोक्याच्या वर भिंतीला टेकवले.

दवाखान्याची औषधांची खिडकी होती. भर दुपार. खिडकीतली बाई कसलीशी बाटली शोधायला आत गेली ती गेलीच होती, आणि तेवढ्यात रांगेचा पार विचका झाला होता. एक काठीवाला म्हातारा मधूनच घुसू बघत होता, दोघीतिघी त्याच्यावर तुटून पडल्या होत्या. हवालदार सुटीवर होता, अंगात साधा सदरा होता, बायकोच्या गोळ्या घेऊन घरी जायचं एवढंच त्याच्या मनात होतं. तो बोलला ते त्या म्हाताऱ्याला, आणि तेही काही ओरडून नाही. म्हाताऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऐकलं ते भलत्याच माणसाने. पन्नाशीचा असेल, टक्कल पडत चाललेला, इस्त्रीचा शर्ट. हात कसे धुवावेत ते समजावणारं एक चित्र भिंतीवर लावलेलं होतं, त्याला त्याचं कपाळ टेकलं होतं. रांग एकदम गप्प झाली. मग बाकावर बसलेली त्याची बायको धावत आली. "अहो, काय होतंय? चक्कर आली का?" चक्कर हा शब्द मिळाल्याबरोबर सगळ्यांच्या जिवात जीव आला. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची ओढली, काठीवाला म्हातारासुद्धा भांडण विसरून म्हणाला, "उन्हातनं आलेत, बसा हो, बसा." माणूस भिंतीवरचे हात काढीना. त्याने मान जेमतेम वळवली, खांद्यावरून मागे हवालदाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बसू का?"

त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर हवालदाराने तो सोसला असता, उलट बरंच वाटलं असतं. पण तिथे काहीच नव्हतं, नुसतं थांबणं होतं. "बसा," हवालदार म्हणाला, आणि तो बसला. त्याच्या बायकोने पदराने त्याचा घाम टिपला आणि हवालदाराकडे बघून ओशाळं हसली. "बरं झालं तुम्ही सांगितलंत. माझं तर मेलं कधी ऐकतच नाहीत."

गोळ्या न घेताच आपण बाहेर पडलो, हे हवालदाराला दोन गल्ल्या ओलांडल्यावर कळलं. परत जाण्याचा धीर नव्हता. चालता चालता तो त्या माणसाचा चेहरा आठवू लागला. कुठल्या साली, कुठल्या कोठडीत, काय गुन्हा. काही म्हणजे काही हाती लागेना. हा हवालदार पोलिसातला नव्हे, लष्कराच्या तुरुंगातला. त्याच्या हाताखालून गेलेली माणसं म्हणजे सगळी आपल्याच सैन्यातली, त्याच भट्टीतली. कुणी पळून गेलेला, कुणी साहेबावर हात टाकलेला, कुणी भांडारातलं डिझेल विकलेला. गणवेश तोच, फक्त पट्टे उतरवलेले. आणि आता त्याच्या ध्यानात आलं की चेहरे त्याने पाहिलेच नव्हते फारसे. झडती मागून घ्यायची असते, चालवत नेताना मागे राहायचं असतं. त्याच्याजवळ होत्या त्या पाठी. मानेवरच्या वळ्या, कानांच्या पाळ्या, झडतीचा हात लागताच आत ओढली जाणारी खांद्यांची हाडं. दवाखान्यातली पाठ यांतली कुठली? त्याने डोळ्यांपुढून एकेक नेली आणि सगळ्या एकच झाल्या. रस्त्यावर माणसं आपापल्या वाटेने चालली होती, त्यांच्याही पाठीच दिसत होत्या. एका दुकानाच्या काचेत स्वतःला बघून तो थबकला. काचेतला माणूस सभ्य वाटत होता, वेळेवर जेवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

आपण काही वाईट केलं का, हे तो शोधू लागला. मन लावून शोधलं, कपाट उपसावं तसं. एखादी थप्पड, एखादी शिवी, कुणाचं पाणी तोडलेलं. तसं काही सापडतं तर हातात धरता आलं असतं, वाईट वाटून घेता आलं असतं, त्या माणसाच्या पाया पडता आलं असतं. पण त्याच्यावर कधी ठपका आला नव्हता आणि तो येण्यासारखं त्याने काही केलंच नव्हतं. दुसऱ्या पाळीत एकजण होता, त्याला सगळे 'लाथाळ्या' म्हणत. तो कैद्यांना बुटाने उठवायचा. पुढे त्याची बदली झाली. विचित्र असं की कैदी त्या लाथाळ्यालाच जास्त मानत. त्याला मागून शिव्या घालत, त्याची नक्कल करत, तो गेला तेव्हा हसले. हवालदाराची नक्कल कुणी कधी केली नाही. नक्कल करायला त्यात काही नव्हतंच.

त्याला या शाखेत घेतलं तेव्हा तो पंचविशीचा असेल. गुडघा गेला म्हणून पायदळातून काढणार होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, तुरुंगावर माणसं हवी आहेत, बघ जमलं तर. त्याला आधी हसू आलं होतं. तुरुंगावर बसायला काय, स्टूल असलं की झालं. पण चाळण बारीक होती. रंग नीट दिसतात का, उच्चार स्वच्छ आहे का, घरात कुणावर खटला झालाय का, वजनदार माणूस एकट्याने आवरता येतो का. सगळ्यांत शेवटी मनाचा डॉक्टर. त्या डॉक्टरने चष्मा पुसत विचारलं, "राग आला की काय करता?" तो म्हणाला, "जाईपर्यंत थांबतो." डॉक्टरने मान वर केली. त्या उत्तरासाठी त्याला घेतलं, हे त्याला पुढे कळलं. त्या उत्तरामागे काय होतं ते मात्र कुणी विचारलं नाही. मागे त्याचा बाप होता. जेवणाचं ताट भिंतीवर फुटायचं, आई खाली वाकून तुकडे वेचायची, आणि हा दाराआड उभा राहून स्वतःशी म्हणायचा, आपण मोठं झालो की आपल्याला राग येणारच नाही. म्हणून प्रशिक्षणातल्या उस्तादाने आवाज शिकवायला घेतला तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं. "राग नको, कीव नको," उस्ताद म्हणायचा. "फरशीसारखा सपाट. राग दिसला की समोरच्याला कळतं, इथे माणूस आहे. आणि माणूस आहे म्हटल्यावर तो त्याच्याशी बोलायला लागतो. बोलायला लागला की तुमचं काम संपलं." बाकीच्यांना ते महिनोन् महिने जमत नसे, कुणाचा आवाज चिरके, कुणाला हसू फुटे. याला पहिल्याच आठवड्यात जमलं. उस्तादाने सगळ्यांना थांबवून त्याला पुढे उभं केलं आणि म्हणाला, "ऐका. याला म्हणतात आवाज." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला पुढे उभं केलं होतं.

आणि हाच आवाज तो घरी घेऊन आला, एखादी मोलाची वस्तू आणावी तसा. त्याच्या घरात ताट फुटलं नाही. लेक लहान होती तेव्हा तिने एकदा दुधाचं भांडं पालथं केलं; तो म्हणाला, "पुसून घे," आणि तिने पुसून घेतलं, रडली नाही. शेजारी म्हणत, काय शिस्तीची पोर आहे, नाहीतर आमची माकडं. त्याला कृतकृत्य वाटे. त्या दिवसांत त्याच्याकडे बराच काळ एका कैद्यावर नजर ठेवायचं काम होतं, ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. असल्या कैद्यासमोर जाळीपलीकडे पाळीभर बसायचं, वाचायचं नाही, बोलायचं नाही, त्याची छाती वरखाली होते की नाही ते बघायचं. दिवा कायम चालू, त्यामुळे सकाळ काय नि दुपार काय. झोपताना त्याचे हात पांघरुणाबाहेर असलेच पाहिजेत. आत गेले की जाळीवर टकटक करायची. त्या माणसाची झोप हवालदाराला पाठ झाली होती. कुठल्या कुशीवर तो कण्हतो, कधी त्याच्या पापण्या थरथरतात. एवढी आपल्या बायकोची झोपही त्याने पाहिली नव्हती. आणि घरी आल्यावर झोपलेल्या लेकीचे हात तो दुलईतून काढून वर ठेवायचा. बायको म्हणायची, "अहो, गारठेल ती. हे काय तुमचं वेड?"  त्याला भीती वाटायची, कसली ते सांगता यायचं नाही, पण ते इवलेसे हात दिसत राहिले की तो शांत झोपायचा. तो कैदी जगला. हवालदाराच्या पाळीत कुणी मेलं नाही. साहेबाने सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. त्या कैद्याचा चेहरा तरी आठवायला हवा, इतका वेळ पाहिलेला. आठवली ती वर-खाली होणारी छाती.

तो घरी पोचला तेव्हा जिन्यातच आतलं हसणं ऐकू आलं. लेक आली होती. वर्षापूर्वी ती सैन्यात दाखल झाली होती, हिशेबनीस म्हणून, दूरच्या तळावर, अधूनमधून यायची, आईशी गप्पा मारायची, त्याला "बरं आहे ना, बाबा?" विचारायची आणि "हो" ऐकून आईकडे वळायची. आज ती त्याच्यासाठी उठून उभी राहिली. तशी ती नेहमीच राहायची, पण आज तिचे डोळे चमकत होते.

"गोळ्या?" बायकोने विचारलं.

"संपल्यात तिथे."

"बरं, मरू देत त्या गोळ्या. हिचं ऐका आधी. अगं, सांग की बापाला, लाजतेस काय!"

"बाबा, मी शाखा बदलतेय," लेक म्हणाली. "तुमची घेतलीय. तुरुंगाची. अंगाची चाचणी झाली, डोळे झाले. आता फक्त मुलाखत. आवाजाच्या परीक्षेत मी पहिली आले. ते विचारत होते, कुठे शिकलीस? मी म्हटलं, कुठे शिकायचं काय त्यात, घरचाच आहे."

"खाण तशी माती," बायको अभिमानाने म्हणाली.

हवालदार चप्पल काढत होता. ती काढायला त्याने फार वेळ लावला. नको, एवढाच शब्द होता, तोंडाशी आलेला. तो उच्चारायचा तर त्याला कुठला तरी आवाज हवा, आणि आपल्याकडे एकच आहे हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. त्या आवाजात 'नको' म्हटलं तर ती "हो बाबा" म्हणेल, सरळ उभी राहील आणि अर्ज मागे घेईल. तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटणार नाही. मग ती कधी येणार नाही, आणि आली तरी "बरं आहे ना" विचारून आईकडे वळेल. तो वर बघतो तर लेक त्याच्यासमोर मांडी घालून फरशीवर बसलेली. अशी ती बसली होती त्याला वर्षं लोटली असतील. "बाबा, माझी तयारी करून घ्याल? तुमच्याशिवाय कोण सांगणार मला? मुलाखतीत कैदी होऊन कुणीतरी समोर येतो म्हणे, आणि नाही नाही ते करतो."

"घेईन," तो म्हणाला.

मग रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीतली खुर्ची भिंतीपाशी जाऊ लागली. खुर्चीच्या अलीकडे कोठडी, पलीकडे लेक. तो कधी भडक माथ्याचा कैदी व्हायचा, कधी रडका, कधी गोडबोल्या. त्याला स्वतःचंच नवल वाटायचं. इतकी माणसं त्याच्या आत कुठे बसली होती? चेहरे नव्हते त्यांचे, पण बोलणी होती, शब्दन् शब्द. गोडबोल्या सुरू झाला की बायको स्वयंपाकघरातून तोंडाला पदर लावून हसायची. "मॅडम, तुमच्यासारखी मोठ्या मनाची माणसं आता राहिली नाहीत हो. एकच बिडी, देवाशपथ, उद्या मागणार नाही." लेक पहिल्यांदा खुदकन हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही. तो तिला थांबवून सांगायचा, हसू ओठांवरून नाही, डोळ्यांतून आधी काढायचं. मान हलवायची नाही. 'नाही' म्हटल्यावर कारण द्यायचं नाही, कारण दिलं की वाद. ती विचारायची, आणि दया येते का विचारलं तर? "येते म्हणायचं," तो सांगायचा. "नाही म्हणालीस तर घेणार नाहीत. येते, पण कामाच्या आड येऊ देत नाही, असं म्हण." ती ते पुटपुटत घोकायची, शाळेतली कविता घोकावी तशी. जेवताना ती त्याच्या शेजारी बसायची, मध्येच कोपराने ढोसून विचारायची, "आणि तो उपास धरून बसला तर, बाबा?" त्या आठवड्यात तो जितका बोलला तितका आयुष्यात बोलला नव्हता. सकाळी दाढी करताना तो शीळ घालतोय हे बायकोने त्याला सांगितलं. शीळ तोंडातच विरली. आरशात त्याला कळत होतं, आपण काय करतोय. रोज सकाळी तो ठरवायचा, आज सांगू. आणि दुपार कलली की त्याचे कान जिन्याकडे लागायचे, ती बाजारातून कधी येते, खुर्ची कधी भिंतीशी जाते. उपाशी माणसाला विषाची चव कळत नाही असं नाही. कळते, तो खातो.

एकदा त्याने बायकोजवळ विषय काढला. ती सकाळची भाजी निवडत होती. "तिला म्हणावं, हिशेबाचंच काम बरं आहे."

"का?"

"हे काम माणसाला..." तो अडला. "लागतं ते."

"तुम्हाला काय लागलं?" ती मान वर न करता म्हणाली. "बाहेर बघा जरा. कुणाचा नवरा ढोसून येतो, कुणाचा हात उचलतो. माझ्या बहिणीच्या अंगावरचे वळ तुम्हीच पाहिलेत ना? मला तुम्ही एवढ्या वर्षांत कधी वाकडा शब्द बोलला नाहीत. उंबऱ्याच्या आत कधी आवाज चढला नाही तुमचा."

"दवाखान्यात एक माणूस माझा आवाज ऐकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हात वर करून."

"मग? चक्कर आली असेल."

 तिने देठं खुडली, बाजूला केली. मग जरा वेळाने, अगदी सहज, जशी काही भाजीबद्दलच बोलतेय अशा स्वरात ती म्हणाली, "मलासुद्धा आधी आधी व्हायचं तसं. माणूस सवय करून घेतो." आणि पातेलं उचलून आत गेली. तिच्यामागे जावं, काय व्हायचं ते विचारावं, असं त्याला वाटलं. तो गेला नाही. ती आत पाणी ओतत होती, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी लेकीने गणवेश घातला. म्हणाली, आज अगदी खऱ्यासारखं करू. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं, खाली पोरं खेळत होती, त्यांचा कालवा वरपर्यंत पोचत होता. तो खुर्चीच्या अलीकडे उभा राहिला. आज कोण व्हायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. भडक माथ्याचा झाला, तिने झटक्यात आवरला. रडका झाला, तिने पाणी देऊ केलं, पण अंतर राखलं. तिचा चेहरा नितळ होता, गिलावा करून घोटल्यासारखा. केवढी सुंदर दिसत होती! त्या चेहऱ्यात दुधाचं भांडं सांडणारी पोर तो शोधू लागला आणि ती सापडेना, तेव्हा त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"मॅडम," तो म्हणाला. "जाऊ नका."

"माझी पाळी संपली आहे. दुसरं कुणी येईल."

"नको जाऊस," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. असा फुटलेला आवाज त्याने स्वतःच कधी ऐकला नव्हता. ओबडधोबड, बापासारखा, घशाच्या तळातून खरवडून आलेला. "तिकडे नको जाऊस, पोरी. ऐक माझं. मी तुला काहीच दिलं नाही गं, हे एक तरी घेऊ नकोस. मी आत कुठेच नाही, बघ, कुणी नाही तिथे. नको जाऊस. मी तुझ्या पाया पडतो."

खाली एका पोराने आरोळी ठोकली. लेकीच्या पापण्या एकदा मिटल्या, उघडल्या.

"मला पोरी म्हणायचं नाही," ती म्हणाली. "तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे. खुर्ची सोडा. मागे सरा."

फरशीसारखा आवाज. कुठे चीर नाही, कुठे डाग नाही. इतका शुद्ध तो त्यालाही कधी लागला नव्हता. उस्ताद असता तर सगळ्यांना थांबवून म्हणाला असता, ऐका. हवालदाराने खुर्ची सोडली आणि तो मागे सरला.

आणि लगेच ती हसली, आपलं जुनं खुदकन हसू, टोपी काढून वारा घेऊ लागली. "बाबा, काय भारी केलंत हो! डोळ्यांत पाणीबिणी! मला क्षणभर खरंच वाटलं ना. आई, तू ऐकलंस का?"

 स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"कुठे चुकलं का माझं?" तिने विचारलं, आणि मान पुढे करून ती खरोखर वाट बघू लागली.

तो चूक शोधू लागला. एखादा शब्द जास्त, एखादा श्वास चुकलेला, डोळ्यांत कुठे काही राहून गेलेलं. त्याने फार आशेने शोधलं.

"नाही," तो म्हणाला. "काही चुकलं नाही."

"मग हाच परत एकदा घेऊया? सगळ्यांत अवघड हाच आहे. प्लीज, बाबा. मघासारखंच करा, अगदी तस्संच."

तिने टोपी घातली. खुर्ची जराशी सरकली होती ती तिने पायाने सरळ केली. त्याने पुन्हा खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाला, "मॅडम, जाऊ नका." मग पुढचं म्हणू लागला, आणि म्हणता म्हणता त्याला पुन्हा तसंच भरून आलं, मघापेक्षाही जास्त. या खेपेला "खुर्ची सोडा" म्हणत तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.